तक्त्याची शेवटची ओळ

चूक माझी होती. फुलं वेळेवर तोडली होती, बायकांनी ती नीट बांधली होती, आणि ज्या गाडीतून ती घाट उतरून विमानतळावर गेली त्या गाडीचं कूलिंग मशीन सबंध वाट चालू होतं. चूक मी एका तक्त्यात करून ठेवली होती. ती कुणाच्या डोळ्यांना दिसणारी नव्हती, म्हणून मी ती कुणाला दाखवली नाही, आणि ती मुबारकभाईंच्या नावावर लागली.

जानेवारी अर्धा सरला की पवन मावळात सकाळचं धुकं धरणावरून उठतं आणि ऊन चांगलं चढेपर्यंत तिकोना किल्ला दिसू देत नाही. भात कधीच घरात गेलेलं असतं. खाचरांत धसकटं, बांधावर वाल, गोठ्यांमागे पेंढ्याच्या गंजी. या उघड्या रानात आमच्या पॉलीहाऊसचे पांढरे प्लास्टिकचे कागद धुक्यात धुक्यासारखेच दिसतात, आणि आत शिरलं की एकदम लाल. प्रत्येक कळीच्या डोक्यावर जाळीची पांढरी टोपी. फेब्रुवारीच्या मध्यावर जगभर लाल गुलाब लागतो, आणि त्यासाठी आमच्याकडे हे तीन-चार आठवडे कुणाला मान वर करायला सवड नसते.

मी गुलाबात काम करतो म्हटलं की लोकांना वाटतं, सुगंधात बसत असेन. या गुलाबांना वास नसतो. पॅकहाऊसला वास येतो तो ओल्या पुठ्ठ्याचा, चिरडलेल्या पानांचा आणि कूलरूमचं दार उघडल्यावर अंगावर येणाऱ्या गारव्याचा. गारव्याला वास असतो हे मला इथेच कळलं. तो आला की कूलरूमच्या मागचा कट्टा आठवतो. तिथे ऊन पडायचं. तिथे मी आणि मुबारकभाई जेवायला बसायचो.

मुबारकभाई आमच्या थंड गाडीचे ड्रायव्हर. मावळातलेच, पवनानगरच्या अलीकडच्या वाडीतले. माझ्याहून थोडे मोठे, आवाज खर्जातला, आणि हसायचे तेव्हा आधी खांदे हलायचे. भाभी डब्यात तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी द्यायच्या, आणि त्यातली एक भाकरी माझी असायची. मी वडगावला स्टेशनजवळ भाड्याच्या खोलीत राहतो. लग्न राहून गेलं. आई गेल्यापासून खोलीत मी एकटाच. माझ्या डब्यात खानावळीची पोळी आणि ती कोणती हे शेवटपर्यंत न कळणारी भाजी. मुबारकभाई माझ्या डब्यात डोकावून म्हणायचे, "ही काय, काल उरलेली हाय का उद्याची आगाऊ आणली?"

माझं काम काय हे त्यांना एकदा समजून घ्यायचं होतं. मी सांगितलं की परदेशातल्या खरेदीदाराची ऑर्डर आता माणूस पाठवत नाही, त्यांचा कॉम्प्युटर पाठवतो आणि आमचा घेतो. पण त्यांचे शब्द वेगळे, आमचे वेगळे. जातीला, देठाच्या लांबीला, कळी किती उमललेली हवी त्याला, सगळ्याला त्यांचे आकडे आहेत. आमच्या तोडणीच्या बायकांना आकडे काय कळणार. त्यांना 'घट्ट' कळते आणि 'अर्धी' कळते. म्हणून मधे एक तक्ता असतो. डाव्या बाजूला त्यांचा आकडा, उजव्या बाजूला आमचा शब्द. आलेला आकडा मशीन डावीकडे शोधतं, समोरचा शब्द उचलतं, आणि संध्याकाळी कागद छापून निघतो. त्या कागदाप्रमाणे दुसऱ्या दिवशी पहाटे तोडणी.

"म्हंजे दुभाष्या," मुबारकभाई म्हणाले.

"तसंच."

"मग तुमच्या त्या तक्त्यात बायकूचं बी बघा की. डावीकडं तुमचं नाव टाका, उजवीकडं काय येतंय का बघू."

"आणि काहीच नाही सापडलं तर?"

"तर मशीन बी म्हणायचं, ह्या गड्याचं आमच्यानं व्हनार न्हाई." आणि खांदे हलायला लागले.

काहीच नाही सापडलं तर. मी तो प्रश्न गमतीने विचारला होता, पण माझ्या कामात तोच खरा प्रश्न होता. तक्त्यात नसलेला आकडा आला, आणि तो बहुधा कळीचाच असायचा, की मशीन अडायचं. ऑर्डर तशीच लटकून राहायची, तोडणीचा कागद निघायचा नाही, आणि आमचे मालक आबा दारातून विचारायचे, "सुरेश, अडलं का तुझं परत?" आबा वाईट माणूस नाही. पण त्या 'तुझं परत'ची मला भीती वाटायची. तसं मशीन अडण्यात बिघडण्यासारखं काही नव्हतं. अडलं की खरेदीदाराला फोन करायचा, आकड्याचा अर्थ विचारायचा, तक्त्यात ओळ घालायची. पण फोन लावायचा म्हणजे त्यांच्या माणसाशी इंग्रजीत बोलायचं, तो 'जरा थांबा' म्हणणार, इकडे आबा दारात. म्हणून मी तक्त्याच्या तळाशी एक ओळ घातली: वरीलपैकी काही नसेल तर 'अर्धी'.

का 'अर्धी'? कारण त्या खरेदीदाराची बहुतेक दुकानं जवळच्या देशात होती. विमानातून उतरलेलं फूल त्याच दिवशी विकलं जायचं, त्यांना अर्धी उमललेली कळीच लागे. दहातल्या नऊ वेळा तेच उत्तर बरोबर आलं असतं. त्यानंतर मशीन कधी अडलं नाही. आबा खूश. मुबारकभाईही म्हणाले, "सुरेशभाऊ, आता गाडी टायमात निघती, घाटात उजेड घावतो." त्या वाक्याने मला फार बरं वाटलं होतं.

आता वाटतं, माझ्या मनातही अशी एक ओळ तेव्हा होती. एखाद्याचा चेहरा उतरलेला दिसला आणि कारण ठाऊक नसलं की मी म्हणायचो, झोप झाली नसेल. दहातल्या नऊ वेळा तेच असायचंही. दहाव्या वेळेला जे असायचं ते मला कधी कळलं नाही, कारण मी विचारलंच नाही. अडायला नको म्हणून.

तो हंगाम थंडीचा होता. फुलं सावकाश फुगत होती, रंग गडद, देठ लांब. आबा म्हणायचे असा माल कित्येक वर्षांत आला नाही. त्याच हंगामात खरेदीदाराने लांबच्या एका देशात नवी दुकानं उघडली. तिथे पोचायला दिवस जास्त, म्हणून कळी अगदी घट्ट हवी, आणि तिच्यासाठी त्यांनी नवा आकडा काढला. मला कळवलंही होतं. हंगामाच्या धांदलीत मी म्हटलं, उद्या तक्त्यात घालू. तो उद्या यायच्या आत ऑर्डर आली. मशीनने नवा आकडा डावीकडे शोधला. सापडला नाही. ते गुपचूप शेवटच्या ओळीपाशी गेलं आणि 'अर्धी' उचलून आणलं. अडलं नाही. मी तर त्याला अडायला बंदीच घातली होती.

फुलं तिकडे पोचली तेव्हा पूर्ण उमललेली होती. त्यांनी फोटो पाठवले. इतकी सुंदर फुलं मी आमच्या पॅकहाऊसमध्ये कधी पाहिली नव्हती, कारण आमच्याकडे ती उमलतच नाहीत, उमलायच्या आत जातात. सगळा माल त्यांनी टाकून दिला.

फुलं आधीच उमलली तर त्याचा अर्थ आमच्या धंद्यात एकच लावतात: वाटेत ऊब लागली. आणि ऊब लागली म्हणजे ड्रायव्हरने घाटात डिझेल वाचवायला कूलिंग मशीन बंद केलं. काही ड्रायव्हर करतातही. गाडी जुनी होती. काटा त्या वेळचं तापमान दाखवायचा, मागचं काही जपून ठेवायचा नाही. तेव्हा कुणाला काही शोधावं लागलं नाही. आबांनी पॅकहाऊसमध्येच, लांब टेबलाशी उभ्या असलेल्या सगळ्या बायकांच्या देखत विचारलं.

"मुबारक, मशीन बंद केलंस का घाटात?"

"न्हाई आबा."

"खंडाळ्याला थांबला होतास."

"चहाला थांबलो. मशीन चालूच व्हतं. आवाज येत व्हता, चहावाल्यानं गाडी लांब लावाया सांगितली."

"मागच्या ड्रायव्हरनेही असंच सांगितलं होतं."

"तो मागचा, आबा. मी मुबारक हाय." मग त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "सुरेशभाऊ रोज माझ्यासंगं जेवत्यात. इचारा त्येंला, मी कसा हाय."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. हातमोजे घातलेले हात टेबलावर थांबले. मला तेव्हा खरं कारण ठाऊक नव्हतं. पण मला आकडे किंवा गाडी विचारलीच नव्हती, मुबारकभाई कसे आहेत एवढंच विचारलं होतं, आणि ते मला ठाऊक होतं. मी म्हणालो, "मला गाडीतलं काय कळणार, आबा."

मुबारकभाईंनी खिशातून गाडीची किल्ली काढली, टेबलावर ठेवली, आणि गेले. लांब टेबलाच्या टोकाकडून कुणीतरी हळूच म्हणालं, "ह्ये लोक असंच," आणि त्यावर कुणी काही बोललं नाही. मीही नाही. हेही लिहिलं पाहिजे.

त्याच संध्याकाळी मी सहज मागे जाऊन ती ऑर्डर उघडली, आणि नवा आकडा मला दिसला. ऊन कट्ट्यावरून उतरत होतं. कूलरूमचा पंखा घरघरत होता. मी नव्या आकड्याची ओळ तक्त्यात घातली, समोर 'घट्ट' लिहिलं, आणि कॉम्प्युटर बंद करून घरी गेलो. पुढच्या वेळचं सगळं बरोबर केलं. मागचं तसंच ठेवलं. उद्या आबांना सांगू, असं तेव्हाही म्हटलं होतं.

त्या वर्षी उरलेला हंगाम आणि त्यानंतरचा सबंध हंगाम मी माझ्या टेबलाशीच जेवलो. नव्या ड्रायव्हरने एकदा डबा घेऊन कट्ट्याकडे बोलावलं, मी काम आहे म्हणालो. रविवारी मी लोणावळ्याला जायचो. हिवाळ्यात भुशी धरणाच्या पायऱ्या कोरड्या असतात. पावसाळ्यात जिथे पाय ठेवायला जागा नसते तिथे एखादं कुत्रं ऊन खात पडलेलं. मी त्याच्यापासून थोड्या अंतरावर बसायचो. परतताना बाजारात सवयीने चिक्की घ्यायचो. पूर्वी ती मुबारकभाईंच्या घरी जायची, भाभींना शेंगदाण्याची आवडते. आता ती कपाटात राहायची. पाकिटावर पाकीट. चिक्कीला मऊ पडायला किती दिवस लागतात ते मला त्या दिवसांत कळलं.

मुबारकभाई कामशेत ते पवनानगर वडापची शेअर जीप चालवायला लागले होते. थंड गाडीचं काम त्यांना दुसरीकडे कुठे मिळालं नाही. आमच्या धंद्यात बातमी गाडीच्या आधी पोचते. मी रोज लोकलने कामशेतला उतरतो आणि तिथून पुढे त्याच रस्त्याने पॅकहाऊसला जातो. जीपच्या थांब्यावरून त्यांचा आवाज ऐकू यायचा, "चला पवनानगर, पवनानगर, दोन सीट." मी रस्त्याच्या पलीकडे एसटीची वाट बघत उभा राहायचो. एसटी उशिरा यायची. उशिरा येत असलेल्या एसटीबद्दल मला कृतज्ञता वाटायची नाही, पण रागही यायचा नाही.

या वर्षी हंगाम सुरू व्हायच्या आधी मी तक्त्याची ती शेवटची ओळ काढून टाकली. कुणाला सांगितलं नाही. पहिल्याच आठवड्यात एक अनोळखी आकडा आला आणि मशीन अडलं. स्क्रीनवर लाल पट्टी. मी फोन लावला, विचारलं, पलीकडच्या बाईंनी अर्थ सांगितला. फोन ठेवला तेव्हा माझा चहा अजून गरम होता. मी त्या कपाकडे बघत बसलो. एवढंच होतं. एवढंच करायचं होतं तेव्हा.

दुसऱ्या दिवशी एसटी आलीच नाही. जीपमधून हाक आली, "या सुरेशभाऊ, म्होरं बसा. येष्टी बंद पडली, यायची न्हाई आज."

मधे एक मावशी वालाच्या शेंगांची पाटी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मुबारकभाई म्हणाले, "मावशे, पाटी टपावर टाक की. भाऊला बसू दी."

"नगं बाबा. मागल्या टायमाला टपावर टाकली तर निम्म्या शेंगा सांडल्या."

"वाटंत पोरांनी उचलल्या असतील."

"कुणाला ठावं. जीप तुझी, टप तुझा."

"म्हंजे त्याबी माझ्याच नावावर," मुबारकभाई म्हणाले, आणि त्यांचे खांदे हलले. मावशीही हसल्या. मी समोरच्या धुक्याकडे बघत राहिलो.

पॅकहाऊसचं फाटक आलं. त्यांनी जीप हळू केली. "उतरायचं न्हाई?"

"पुढे येतो."

पवनानगरला सगळे उतरले. मावशींनी पाटी डोक्यावर घेतली. धरणाकडून, काठाला तंबू ठोकून राहिलेल्या पर्यटकांच्या गाण्यांचा आवाज येत होता. मी मुबारकभाईंना सांगितलं. तक्ता, शेवटची ओळ, नवा आकडा, ती संध्याकाळ, सगळं. ते फडक्याने समोरची काच पुसत ऐकत होते. काच स्वच्छ झाली तरी पुसत होते.

"मला म्हाईत व्हतं," ते म्हणाले.

"काय?"

"मी मशीन बंद केलं न्हवतं, ह्ये. बाकीचं आत्ता कळलं." मग फडकं घडी घालून खिडकीत ठेवलं. "हिनं सुदिक येकदा इचारलं व्हतं. भाकरी थापता थापता. खरंच बंद केलतं का वो, म्हणून. रागानं न्हाई, आपलं सहज. मी न्हाई म्हणलो. ती बरं म्हणली. पण इचारलं तिनं."

मी हात जोडले. त्यांनी माझे हात खाली केले, जोराने नाही.

"मला सांगून काय उपेग, सुरेशभाऊ? मला ठावंच हाय. ज्येंला ठावं न्हाई त्येंला सांगा."

आबांना मी त्याच दुपारी सांगितलं. त्यांनी आधी दार लोटून घेतलं. मग म्हणाले, "त्याला परत बोलाव. गाडी देतो त्याला, मी स्वतः बोलतो. तुझंही काही करत नाही. पण बायांच्या समोर कशाला उगाळतोस? झालं गेलं."

"त्यांच्यासमोरच झालं होतं, आबा."

आबा खिडकीतून पॉलीहाऊसकडे बघत राहिले. "त्या कॉम्प्युटरवर सगळे डोळे मिटून चालतात रे," ते म्हणाले, आणि मला कळलं की त्यांना भीती कशाची होती. मलाही तीच होती. उद्या संध्याकाळी कागद निघाला की कुणीतरी विचारणार, हे बरोबर आहे का? मग विचारू देत.

मी दोघांना बोलावलं होतं, त्याप्रमाणे काल सकाळी जीप फाटकाशी येऊन थांबली. मागे पाशिंजर बसलेले, इंजिन चालू. पुढच्या सीटवर भाभी होत्या. डोक्यावरचा पदर सावरत त्या उतरल्या, मुबारकभाईंच्या मागोमाग आत आल्या आणि दारापाशीच थांबल्या. कूलरूमचं दार कुणीतरी उघडलं होतं. तो गारवा आला. लांब टेबलाशी बायका उभ्या होत्या, बऱ्याचशा त्याच. आबाही होते. मुबारकभाई म्हणाले, "लवकर बोला भाऊ, पाशिंजर वराडतील."

टेबलावर जिथे त्यांनी किल्ली ठेवली होती, मी तिथे उभा राहिलो. घरी बरीच वाक्यं तयार केली होती. त्यातलं एकही आठवलं नाही, म्हणून जे आलं ते बोललो.

"दोन हंगामांमागे आपली फुलं उमलून गेली, ती माझ्यामुळे. त्यांनी घट्ट कळी मागितली होती, माझ्या तक्त्याने तुम्हाला अर्धी तोडायला सांगितली. मला त्याच संध्याकाळी कळलं होतं. मी सांगितलं नाही, कारण मी घाबरलो. मुबारकभाईंनी माझ्याकडे बोट करून विचारलं होतं, यांना विचारा मी कसा आहे. तेव्हा मी म्हणालो, मला काय कळणार. मला कळत होतं. रोज त्यांच्या डब्यातली भाकरी खाणाऱ्याला कळत होतं. मुबारकभाई, मला माफ करा. भाभी, तुम्हीही माफ करा. त्या दिवशी घाटात मशीन चालू होतं."